तापुतापुआतेआ : समुद्राकडून पाहायचे पॉलिनेशियन देवस्थान

सागरगोटा (मूळ लेख)

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर रंगिआतेआ हे नाव कधी ना कधी पडतेच. तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांचे वक्ते आपल्या कुळाविषयी बोलताना एक जुनी म्हण उच्चारतात, आणि मी नाहीसा होणार नाही, मी रंगिआतेआहून पेरलेले बी आहे, असा तिचा आशय असतो. ओताकी येथील १८५१ साली पूर्ण झालेल्या आणि १९९५ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या चर्चलाही हेच नाव आहे आणि त्याच्या वेदीखाली त्या मूळ भूमीतील माती आहे अशी परंपरा सांगितली जाते. माओरींची ही रंगिआतेआ म्हणजे दक्षिण प्रशांत महासागरातील, आजच्या फ्रेंच पॉलिनेशियातील रायआतेआ हे बेट. या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, ओपोआ गावाजवळ, तापुतापुआतेआ नावाचे प्राचीन मराए, म्हणजे देवस्थान, आहे. तेथे जाण्याचा योग नुकताच आला. मराठीत या जागेविषयी फारसे लेखन माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

रायआतेआ हे ताहितीच्या वायव्येस दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेले डोंगराळ बेट आहे. शेजारचे ताहाआ बेट आणि रायआतेआ यांना एकच प्रवाळकडा वेढून आहे, त्यामुळे दोन्ही बेटे एकाच खाजणात, म्हणजे कड्याच्या आतल्या शांत पाण्यात, उभी आहेत. बेटाच्या उत्तर भागात तेमेहानी पठार आहे, आणि आपेताही नावाचे एका बाजूलाच पाच पाकळ्या असणारे पांढरे फूल जगात फक्त याच बेटावर उमलते. या बेटाचे जुने नाव हवाइई असे होते. पॉलिनेशियातील अनेक बेटांवरील कथांमध्ये पूर्वजांची भूमी म्हणून याच नावाची निरनिराळी रूपे येतात.

मराए म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्या डोळ्यांना सवय असते ती गाभारा, मंडप आणि शिखर यांची, आणि येथे त्यांतले काहीच नाही. मराएला छप्पर नसते. दगडांनी फरसबंद केलेले आयताकृती प्रांगण असते आणि त्याच्या एका टोकाला आहू नावाचा उंचवटा असतो. तो चौथरा देवांचा आणि दिवंगत पूर्वजांचा, तर प्रांगणात ठिकठिकाणी रोवलेले उभे दगड जिवंत माणसांचे, म्हणजे मुखिया आणि पुरोहित यांनी पाठ टेकून बसण्याचे. पूर्वी आहूवर कोरीव लाकडी फळ्या उभारलेल्या असत, नैवेद्यासाठी लाकडी मचाण असत, आणि नगारे व देवमूर्ती ठेवण्यासाठी जवळच लहान झोपड्या असत. लाकूड, पाने, पिसे आणि सुंभ यांचा हा सगळा साज काळाबरोबर गेला. आज जे दिसते तो त्या देवस्थानाचा केवळ दगडी सांगाडा आहे, हे मनात ठेवले नाही तर पाहणाऱ्याची निराशा होणे स्वाभाविक आहे.

तापुतापुआतेआचा आहू चाळीस मीटरहून अधिक लांब आहे. त्याच्या कडेने प्रवाळाच्या प्रचंड लाद्या उभ्या केलेल्या आहेत आणि त्यांतल्या काही माणसाच्या उंचीपेक्षाही मोठ्या आहेत. प्रांगणात काळ्या बेसॉल्टची फरसबंदी आहे. जवळच, अगदी पाण्याच्या काठाला, हाउविरी नावाचे दुसरे मराए आहे आणि तेथे एक उंच, फिकट रंगाचा दगड उभा आहे. ओपोआच्या तामातोआ घराण्यातील मुखियाचा अधिकारग्रहणविधी या दगडापाशी होत असे. लाल पिसांचा पवित्र कमरपट्टा, ज्याला मारो उरा म्हणत, तो नेसवला की त्या व्यक्तीचे ओरो या देवाशी असलेले नाते सर्वांसमोर जाहीर होई. ओरो हा युद्धाचा आणि सुफलतेचा देव, आणि त्याचा जन्म ओपोआलाच झाला अशी श्रद्धा होती. त्याच्या उपासनेबरोबर ओपोआचे महत्त्व वाढत गेले. या ठिकाणचा एक दगड नेऊन दुसऱ्या बेटावर त्याच नावाचे मराए स्थापन करण्याची प्रथा होती, आणि म्हणूनच ताहिती, मोओरेआ आणि रारोतोंगा येथेही तापुतापुआतेआ नावाची मराए आढळतात. हवाईच्या मोलोकाई बेटावर हेच नाव कापुकापुआकेआ असे झाले आहे.

आता या धाग्याचा मुख्य मुद्दा सांगतो. बहुतेक पर्यटक उतुरोआ या मुख्य गावातून मोटारीने येतात, प्रांगणाभोवती फेरी मारतात, माहितीफलक वाचतात, छायाचित्रे घेतात आणि परत जातात. हे मराए माताहिरा नावाच्या भूशिरावर आहे. त्याच्यासमोर खाजण पसरलेले आहे आणि खाजणापलीकडच्या प्रवाळकड्यात एक खिंड आहे, जिचे नाव ते आवा मोआ, म्हणजे पवित्र प्रवेशद्वार. दूरच्या बेटांवरून येणाऱ्या जोडहोड्या, म्हणजे दोन होड्या शेजारी जोडून केलेल्या मोठ्या नौका, याच खिंडीतून आत येत आणि भूशिरासमोर थांबत. म्हणजे या देवस्थानाचा महादरवाजा पाण्यात आहे आणि रस्त्याने येणारा मनुष्य मागच्या दाराने आत शिरतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की तेथे पोहोचल्यावर आहूकडे न जाता आधी सरळ किनाऱ्यावर जावे, कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ जेथे तुटते ती जागा शोधावी, आणि मग मागे वळून दगडांकडे पाहावे. शक्य असेल तर खाजणातून होडीने यावे. युनेस्कोने २०१७ साली या स्थळाचा जागतिक वारसायादीत समावेश केला तेव्हाही केवळ दगडी अवशेष नोंदवले नाहीत. मागच्या दोन वनाच्छादित दऱ्या, खाजणाचा आणि प्रवाळकड्याचा भाग आणि बाहेरच्या समुद्राचा एक पट्टा असे मिळून २,१२४ हेक्टरांचे सांस्कृतिक भूदृश्य नोंदवले गेले. फ्रेंच पॉलिनेशियातील हे पहिलेच जागतिक वारसास्थळ होते.

युरोपियनांच्या नोंदींत ही जागा जुलै १७६९ मध्ये येते. कॅप्टन कुकचे एन्डेव्हर जहाज ओपोआला आले तेव्हा त्यावर तुपाइआ होता. तुपाइआ हा रायआतेआचाच, ओरोच्या उपासनेत दीक्षित झालेला पुरोहित आणि नाविक. बोराबोराच्या योद्ध्यांनी रायआतेआ जिंकल्यावर तो ताहितीला आश्रयास गेला होता आणि तेथून कुकबरोबर निघाला होता. त्याच्या सांगण्यावरून तयार झालेल्या नकाशात सत्तरहून अधिक बेटे आहेत. ओपोआच्या किनाऱ्यावर कुकने ब्रिटिश निशाण उभारून ताबा जाहीर केला, आणि त्याच भेटीत जोसेफ बँक्स या निसर्गअभ्यासकाने देवाच्या एका छोट्या घरात हात घालून आत गुंडाळून ठेवलेल्या वस्तूवरच्या चटया फाडल्या. नारळाच्या काथ्याचे विणलेले आवरण लागले आणि ते फाटेना, तेव्हा तो थांबला. आपल्या कृत्याने यजमान दुखावले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तेथे उभे असताना मला ही नोंद वारंवार आठवत होती. जिज्ञासा आणि अनादर यांच्यातली सीमा किती सहज ओलांडली जाते, याचे हे अडीचशे वर्षांपूर्वीचे उदाहरण आजच्या प्रत्येक पाहुण्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १७९७ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मप्रचारक ताहितीला उतरले, १८१५ नंतर जुन्या उपासनेचा झपाट्याने अंत झाला, मूर्ती जाळल्या गेल्या आणि मराए ओस पडली. १९२९ साली ते रांगी हिरोआ, ज्यांना पीटर बक या नावानेही ओळखतात, ते थोर माओरी मानवशास्त्रज्ञ येथे आले. आयुष्यभर ज्या जागेविषयी ऐकले तेथे त्यांना झाडोरा आणि मौन एवढेच भेटले, आणि त्यांनी आपले दुःख अत्यंत मोकळेपणाने लिहिले आहे. आज ते आले असते तर त्यांना निराळे दृश्य दिसले असते असे मला मनापासून वाटते, कारण मधल्या काळात होड्या पुन्हा आल्या. त्याविषयी जाणकारांनी प्रतिसादात लिहावे.

पाथरवट

लेख अतिशय आवडला. मी दगडी बांधकामांच्या जतनाशी संबंधित काम करतो, म्हणून एक प्रश्न विचारतो. आज जे मराए दिसते त्यातले मूळ किती आणि पुन्हा रचलेले किती? उभ्या लाद्यांच्या बांधकामात चुन्याचा वापर नसेल, तर झाडांच्या मुळांनी त्या निश्चितच ढकलल्या गेल्या असणार.

सागरगोटा

आपला तर्क बरोबर आहे. चुना वा अन्य कोणताही जोडमाल येथे नाही. लाद्या जमिनीत रोवून आतली पोकळी दगडधोंड्यांनी भरली आहे. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाचे केनेथ एमरी यांनी १९२० च्या दशकात सोसायटी बेटांवरील, म्हणजे ताहिती, रायआतेआ आणि आसपासच्या बेटांवरील, मराएंची पद्धतशीर पाहणी केली आणि मोजमापे घेतली. पुढे १९६० च्या दशकात योसिहिको सिनोतो यांच्या देखरेखीखाली तापुतापुआतेआची पुनर्रचना झाली, आणि १९९० च्या दशकात पुन्हा एकदा दुरुस्तीचे काम झाले. त्यामुळे लाद्या आणि दगड जुनेच आहेत, परंतु पडलेल्या लाद्या उभ्या करणे आणि फरसबंदी नीट करणे हे विसाव्या शतकातील काम आहे. प्रवाळाची लादी बेसॉल्टपेक्षा मऊ असते, पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने झिजते, त्यामुळे जतनाचा प्रश्न कायमचा आहे. समुद्राची पातळी वाढत असताना पाण्याला लागून असलेल्या हाउविरीची चिंता अधिक वाटते.

दगडांचे काय होऊ शकते हे पाहायचे असेल तर ताहितीच्या पापारा भागातील माहाइआतेआ मराएचे उदाहरण घ्यावे. कुकने १७६९ मध्ये ते मोजले तेव्हा त्याचा पाया २६७ फूट लांब आणि ८७ फूट रुंद होता, आणि अकरा पायऱ्यांचा चौथरा ४४ फूट उंच होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे दगड बांधकामासाठी उचलून नेले गेले, आणि आज तेथे एक ढिगारा उरला आहे. ओपोआचे स्थान आडबाजूला होते, म्हणून ते वाचले असावे असे मला वाटते.

उलांडी

मी मूळची सिंधुदुर्गातील, त्यामुळे हा धागा वेगळ्याच ओढीने वाचला. मराएच्या परिसरात पवित्र मानली जाणारी झाडे कोणती, हे मी आधीपासून वाचत आले आहे, आणि ती यादी वाचताना आपल्या किनाऱ्यावरून चालत असल्यासारखे वाटते. ताहितीत ज्याला आती किंवा तामानू म्हणतात तो आपला उंडी वृक्ष, ज्याच्या बियांचे उंडेल तेल कोकणात दिव्यासाठी आणि होड्यांसाठी वापरले जात असे. तिकडचा मिरो म्हणजे आपला भेंड. आइतो म्हणजे सुरूचे झाड. यांखेरीज तिकडच्या जेवणातला तारो म्हणजे अळूचा कंद, आणि पिवळ्या रंगासाठी वापरली जाणारी हळद तर आपल्या घरातलीच. विलायती फणस, ज्याला आम्ही नीरफणस म्हणतो, तो तेथे मुख्य अन्न आहे.

माझ्या नावावरून लक्षात आलेच असेल की आमच्याकडच्या लहान होडीला एका बाजूला तोल सांभाळणारे लाकूड बांधलेले असते, त्याला उलांडी म्हणतात. पॉलिनेशियातील लहान होड्यांनाही तशीच उलांडी असते. तर मग या लोकांचे पूर्वज आपल्याच किनाऱ्यावरून गेले असतील का, असा प्रश्न मनात येतो. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

शोधयात्री

उलांडी ताई, आपले निरीक्षण मोलाचे आहे, पण निष्कर्षाची दिशा उलट धरावी लागेल असे मला वाटते. पॉलिनेशियन भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहेत. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि जनुकीय अभ्यास या तिन्हींच्या आधारे या कुळाचा प्रसार तैवानपासून फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि न्यू गिनीच्या परिसरातून पूर्वेकडे झाला असे मानले जाते. लापिता नावाने ओळखली जाणारी नक्षीदार मडकी करणारे लोक इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या सुमारास टोंगा आणि सामोआपर्यंत पोहोचले. त्यानंतर दीर्घ काळ थांबा आहे. सोसायटी बेटांवर वस्ती झाली ती इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारास, आणि तेथून हवाई, रापा नुई (ईस्टर बेट) आणि न्यूझीलंड ही टोके गाठली गेली.

याच ऑस्ट्रोनेशियन खलाशांची दुसरी शाखा हिंदी महासागरात पश्चिमेकडे निघाली आणि मादागास्करला स्थायिक झाली. भारताच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवरील उलांडीच्या होड्या हा त्यांच्याशी आलेल्या संपर्काचा परिणाम असावा असे मत नौकाअभ्यासकांनी मांडलेले आहे. म्हणजे साम्य खरे आहे, मात्र ते आपण तिकडे गेल्याचे चिन्ह नसून ते लोक आपल्या समुद्रापर्यंत आल्याचे असण्याची शक्यता अधिक आहे. झाडांच्या बाबतीत उंडी आणि भेंड यांची फळे आणि बिया समुद्रावर तरंगत दूर जातात, त्यामुळे हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंतच्या किनाऱ्यांवर ती आढळतात. अळू, हळद आणि नीरफणस मात्र माणसांनी होडीतून, रोपे आणि कंद जपत नेले, आणि मला तो प्रवास अधिक थक्क करणारा वाटतो.

चाफेकळी

एक अवघड प्रश्न विचारते. या ठिकाणी नरबळी दिले जात असत असे वाचले आहे. मूळ लेखात त्याचा उल्लेख नाही. अशा जागेविषयी एवढ्या आदराने लिहिताना हा भाग वगळणे योग्य आहे का?

सागरगोटा

प्रश्न रास्त आहे आणि तो लेखातच यायला हवा होता असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. ओरोच्या उपासनेत नरबळी दिले जात होते. कुकने १७७७ मध्ये ताहितीतील एका मराएवर असा विधी स्वतः पाहिला आणि जॉन वेबर या त्याच्यासोबतच्या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. बळी जाणारा मनुष्य बहुधा समाजाच्या खालच्या थरातला असे आणि त्याला मराएवर आणण्याआधीच मारलेले असे. युद्धाचा निर्णय आणि मुखियाचे अधिकारग्रहण अशा मोठ्या प्रसंगी हे घडे. तापुतापुआतेआ हे ओरोचे मुख्य स्थान असल्यामुळे तेही याला अपवाद नव्हते.

माझा आग्रह एवढाच की या एका गोष्टीवरून संपूर्ण जागेची ओळख ठरवू नये. हे मुखियांच्या सत्तेचे केंद्र होते, निरनिराळ्या बेटांच्या प्रतिनिधींनी एकत्र येण्याचे स्थान होते, आणि नौकानयन, वंशावळी, तारे आणि ऋतू यांचे ज्ञान पाठांतराने पुढच्या पिढीला देण्याचे विद्यापीठही होते. सत्ता, भय आणि विद्या या तिन्ही गोष्टी येथे एकाच प्रांगणात नांदत होत्या. पर्यटनाच्या पत्रकांमध्ये कधी फक्त रक्त सांगितले जाते, तर कधी फक्त शांती, आणि दोन्ही सांगणी अपुरी आहेत.

ध्रुवदर्शी

मी हवाईत राहतो, म्हणून होड्यांविषयी लिहिण्याची विनंती माझ्याकडे आली आहे असे समजतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक पाश्चात्त्य अभ्यासकांना पॉलिनेशियन लोकांनी हेतुपुरस्सर, दिशा ठरवून, हजारो किलोमीटर प्रवास केला हे पटत नव्हते. थॉर हायरडाल यांनी १९४७ मध्ये पेरूहून तराफ्यावर निघून तुआमोतू बेटांपर्यंत वाहत येऊन, वस्ती पूर्वेकडून झाली असे दाखवण्याचा प्रयत्न केला. इतरांचे म्हणणे असे की भरकटलेल्या होड्या योगायोगाने बेटांना लागल्या. याला कृतीने उत्तर देण्यासाठी हवाईत होकुलेआ ही जोडहोडी बांधली गेली आणि १९७५ मध्ये ती पाण्यात उतरली. १ मे १९७६ रोजी ती माउई बेटाहून निघाली. तिचे दिशादर्शन माऊ पियाइलुग यांनी केले. ते मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे होते, कारण हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरलाच नव्हता. होकायंत्र वा नकाशा न वापरता, तारे कोठे उगवतात आणि मावळतात, समुद्राच्या मोठ्या लाटा कोणत्या दिशेने येतात, आणि जमीन जवळ आल्यावर पक्षी कोठे जातात, यांच्या आधारे सुमारे ४,००० किलोमीटर पार करून ४ जून रोजी होकुलेआ ताहितीची राजधानी पापेएते येथे पोहोचली. किनाऱ्यावर सुमारे १७,००० माणसे जमली होती. पुढे ती रायआतेआलाही गेली.

१९८० मध्ये नाइनोआ थॉम्पसन यांनी हाच प्रवास केला. पारंपरिक पद्धतीने तो करणारे ते कित्येक शतकांतले पहिले हवाईयन ठरले. आणि मग १९९५ साल आले. जुन्या परंपरेनुसार पॉलिनेशियातील बेटांचे दोन मोठे गट, ते आओ उरी आणि ते आओ तेआ, तापुतापुआतेआला एकत्र येत असत. एका भांडणात पुरोहिताची हत्या झाली, सख्य मोडले, आणि त्या जागेवर निर्बंध लादला गेला. मार्च १९९५ मध्ये हवाई, आओतेआरोआ (न्यूझीलंड), कुक बेटे आणि ताहिती येथील जोडहोड्या ते आवा मोआ खिंडीतून एकापाठोपाठ आत आल्या आणि विधिपूर्वक तो निर्बंध उठवण्यात आला. माझ्या परिचयातील एक ज्येष्ठ गृहस्थ त्या वेळी तेथे होते. ते सांगतात की होड्या खिंडीत दिसू लागल्या तेव्हा किनाऱ्यावरची वयस्क माणसे उघडपणे रडत होती. सागरगोटा यांनी ज्याला महादरवाजा म्हटले आहे तो इतक्या काळानंतर त्या दिवशी उघडला, असे म्हणायला हरकत नाही.

पाथरवट

हे वाचून माझा दृष्टिकोन बदलला हे नमूद करतो. जतनाच्या क्षेत्रात आम्ही दगडांची स्थिती मोजतो, पण वापर पुन्हा सुरू झाल्यामुळे जतन होणे हा निराळाच विषय आहे. जागतिक वारसायादीसाठीचा पुढाकार सरकारने घेतला होता की स्थानिक लोकांनी?

सागरगोटा

दोघांनीही, पण सुरुवात आणि नेट ओपोआच्या लोकांचा होता. तेथील ना पापा ए वाउ या संस्थेने अनेक वर्षे या कामाचा पाठपुरावा केला. त्यामुळेच नोंदणीत दऱ्या आणि खाजण आले असावेत, कारण गावकऱ्यांच्या लेखी मराए, मागचा डोंगर, पाण्यातील मासेमारीच्या जागा आणि खिंड ही वेगवेगळी ठिकाणे नाहीतच.

चाफेकळी

उत्तराबद्दल मनापासून आभार. आता व्यावहारिक प्रश्न. भारतातून जाणाऱ्याने काय तयारी करावी? माझे आईवडील सत्तरीच्या आसपासचे आहेत, त्यांना ही जागा झेपेल का? आणि रायआतेआला जाणे न जमल्यास ताहितीत पाहण्यासारखे मराए आहे का?

सागरगोटा

भारतातून थेट विमान नाही. ऑकलंड, लॉस एंजेलिस किंवा पॅरिसमार्गे पापेएतेला जावे लागते, आणि ज्या देशातून विमान बदलायचे त्याच्या व्हिसाचा विचार आधी करावा. फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सच्या अधिपत्याखाली असले तरी युरोपातील सामाइक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात मोडत नाही, म्हणून अर्ज करतानाच तेथे जाण्याचा हेतू स्पष्ट लिहावा आणि फ्रेंच वकिलातीकडून नियम तपासून घ्यावेत. ऑकलंडहून पाच तासांचा प्रवास आहे, पण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते आणि आपण निघालो त्याच्या आदल्या दिवशी पोहोचतो. हॉटेलचे आरक्षण करताना हे लक्षात ठेवावे. चलन पॅसिफिक फ्रँक आहे आणि त्याचा युरोशी दर कायम आहे, १,००० फ्रँक म्हणजे ८.३८ युरो. पापेएतेहून रायआतेआचे विमान पाऊण तासात पोहोचते. मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि तुलनेने थंड काळ आहे.

आपल्या आईवडिलांना ही जागा निश्चित झेपेल. मराए सपाट जमिनीवर आहे, चढ नाही, आणि मोटार जवळपर्यंत जाते. प्रांगणात सावली जवळजवळ नाही, त्यामुळे सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर जावे, टोपी, पाणी आणि डासांचे मलम सोबत ठेवावे. वाटेत फाआरोआचा उपसागर लागतो आणि तेथील नदीतून लहान होडीने फिरता येते. प्रवेशशुल्क नव्हते, परंतु ओपोआतील स्थानिक मार्गदर्शक मिळाला तर अवश्य घ्यावा. फलकांवर इतिहास आहे, पण कोणत्या कुळाचा दगड कोणता आणि खिंडीतून येणाऱ्याचे स्वागत कसे होई, हे तेथील माणूसच सांगू शकतो. आहूवर चढू नये, फरसबंदीवरून चालू नये, दगड वा प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नये. पानांचे हार ठेवलेले दिसतील, त्यांना हात लावू नये. विधी सुरू असेल तर कॅमेरा बाजूला ठेवून दूर उभे राहावे.

ध्रुवदर्शी

पर्यायी ठिकाणांविषयी मी लिहितो. ताहितीवर पाएआ येथे आराहुराहू मराए आहे, ज्याची पुनर्रचना १९५४ मध्ये झाली. जुलैतील हेइवा उत्सवाच्या काळात तेथे जुन्या विधींवर आधारित सादरीकरणे होतात. काही जणांना ते नाटकी वाटते, परंतु लाकडी फळ्या, मचाण आणि वेशभूषा यांसह मराए कसे दिसत असेल याची कल्पना तेथेच येते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने ते आधी पाहून मग रायआतेआला जावे असे माझे मत आहे. मोओरेआवर ओपुनोहू दरीत, दाट झाडीत, बरीच मराए आणि धनुर्विद्येचे चौथरे आहेत. तेथे चालावे लागते आणि पावसानंतर वाट निसरडी होते. हुआहिने बेटावर माएवा गावात तळ्याच्या काठी मराएंची रांगच आहे, आणि तळ्याच्या मुखाशी मासे पकडण्याचे जुने दगडी सापळेही पाहता येतात.

उलांडी

माझाही एक प्रश्न राहिला आहे. सागरगोटा यांनी होडीने जाण्याचा सल्ला दिला आहे. खाजणातील पाणी शांत असते का? आणि ते आवा मोआ खिंडीच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येणे साध्या पर्यटकाला शक्य आहे का?

सागरगोटा

खाजणाच्या आत पाणी बहुधा शांत असते, कारण प्रवाळकडा लाटा अडवतो. खिंडीत मात्र प्रवाह जोराचा असू शकतो, आणि आग्नेयेकडून माराआमू वारा सुटला की बाहेरचा समुद्र खवळतो. हे मराए नेमके त्याच दिशेच्या किनाऱ्यावर आहे. त्यामुळे बाहेर जाण्याचा हट्ट धरू नये. होडीवाल्याला खिंडीच्या आतल्या बाजूपर्यंत नेण्यास सांगावे, तेथे इंजिन बंद करावे आणि भूशिराकडे तोंड करावे. त्या जागेवरून आहूच्या लाद्या झाडांमध्ये दिसतात की नाही हे उन्हाच्या दिशेवर अवलंबून असते. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि उजेड थेट किनाऱ्यावर पडतो, म्हणून होडी सकाळचीच ठरवावी.